कंसाच्या जागी आलेले स्वर

सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंग भाषा ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये घडवली, परंतु तिच्यात आज एखादा नियम घालायचा तर तो अधिकार त्यांच्या एकट्याकडे नाही. मानक, म्हणजे भाषेतील प्रत्येक रचनेचा अर्थ ठरवून देणारा अधिकृत दस्तऐवज, आयएसओची समिती ठरवते आणि स्ट्रॉस्ट्रुप तिचे एक सदस्य आहेत. समितीत मुख्यतः कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणारी प्रणाली, तयार करणारे अभियंते, कंपन्यांनी धाडलेले प्रतिनिधी, प्राध्यापक आणि पदरमोड करून येणारे काही जाणकार असतात. आठवडाभराच्या बैठकीत एखाद्या प्रस्तावावरची चर्चा संपली की ठाम बाजूने, काहीसे बाजूने, तटस्थ, काहीसे विरोधात आणि ठाम विरोधात असा पाच पायऱ्यांचा कल घेतला जातो, आणि तिथे केवळ बहुमत पुरत नाही, सहमती लागते. अंतिम मसुद्यावर मात्र देश मतदान करतात, प्रत्येकी एक मत.

लहान देशाचे म्हणणे किती मोलाचे असते, हे डेन्मार्कच्या उदाहरणातून दिसते. सात बिटांच्या जुन्या डॅनिश वर्णसंचात महिरपी कंसांच्या जागी त्या भाषेचे खास स्वर बसवलेले होते, त्यामुळे कंसांनी भरलेला प्रोग्राम पडद्यावर स्वरांनी भरलेला दिसे. अशा वर्णसंचांसाठी सी भाषेच्या १९८९ च्या मानकात त्रिवर्ण चिन्हे आली: दोन प्रश्नचिन्हे आणि त्यापुढे 'पेक्षा लहान' हे चिन्ह लिहिले की महिरपी कंस उघडतो. सी प्लस प्लसनेही ती स्वीकारली. पण दोन प्रश्नचिन्हांपुढे तिरकी रेघ आली की तिचे उलट्या तिरक्या रेघेत रूपांतर होते, आणि ओळीच्या शेवटची उलटी तिरकी रेघ पुढची ओळ मागच्या ओळीला जोडते. त्यामुळे एका ओळीच्या टिपणाच्या, म्हणजे कंपायलरने सोडून द्यायच्या मजकुराच्या, शेवटी कोणी सहज ही चिन्हे लिहिली, तर नियम काटेकोर पाळणारा कंपायलर पुढची ओळही टिपण समजून गिळतो. ती ओळ शोधत बसणारा प्रोग्रामर बैठकीत बहुधा कधीच नसतो, आणि या पद्धतीतील सर्वांत गंभीर उणीव हीच आहे.

ही चिन्हे काढण्याचे ठरले तेव्हा आयबीएमने विरोध नोंदवला, कारण तिच्या मोठ्या यंत्रांवरील ईबीसीडीआयसी वर्णसंचात काही चिन्हांच्या जागा प्रदेशागणिक बदलतात आणि तिच्या ग्राहकांचे जुने प्रोग्राम त्रिवर्णांवर अवलंबून होते. तरीही २०१७ च्या मानकातून ती गेली. 'अँड', 'ऑर', 'नॉट' हे शब्द चिन्हांऐवजी लिहिण्याची मुभा मात्र अजून कायम आहे.