मुले बुडतात कधी? आई कामात असताना

बुडण्यापासून बचाव म्हटले की आपल्याला पोहणे आठवते. पण एक ते चार वर्षांच्या मुलाला पोहणे शिकवून भागत नाही. त्याच्याजवळ कुणीतरी असावे लागते.

बांगलादेशात ही मुले बहुधा घराजवळच्या तळ्यात, सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत बुडतात, असे पाहणीत दिसले. त्या वेळी आई कामात असते. दोष तिचा नाही. तिला मदतीचा हात नसतो. म्हणून तेथे गावोगावी ‘आंचल’, म्हणजे पदर, नावाची पाळणाघरे निघाली. गावातलीच प्रशिक्षित बाई नेमक्या याच वेळेत वीस-पंचवीस मुले सांभाळते. मोठ्या मुलांना तळ्यातच बांबूचे कठडे बांधून पोहणे शिकवतात. २०२२ मध्ये तेथील सरकारने १६ जिल्ह्यांत ८,००० पाळणाघरांची योजना मंजूर केली.

आपल्या वस्तीतही हे जमेल. कामाच्या वेळी मुले सांभाळायची पाळी आपण लावू या. विहिरीला कठडा, हौदाला आणि पिंपाला झाकण हवे. बादलीभर पाणीही लहानग्याला धोक्याचे असते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. म्हणून आपली नजरच त्याच्यावर हवी.