खिळे आणि गोळ्या

माझी पहिली कविता तालुक्याच्या गावातल्या एका ट्रेडल प्रेसवर छापली गेली. जुळाऱ्याने शिशाचे खिळे एकेक करून जुळवले होते. पुढे प्रेस बंद पडला आणि ते सगळे खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. त्या धातूचं पुढे काय होतं, हा विचार तेव्हा मनात आला नाही. तो आला अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात, भाच्याच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये.

हे गृहस्थ निवृत्त आणि हौशी शिकारी. त्यांची रायफल ‘पंचेचाळीस-सत्तर’ काडतुसाची. अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेलं हे काडतूस. गोळी साडेअकरा मिलिमीटरहून थोडी जाड. तिकडे असे अनेक शिकारी गोळ्या घरीच ओततात आणि काडतुसंही स्वतः भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे, आणि शिकारीचं तर नावच नको. तेव्हा श्रोतेहो, ह्यातली कृती सोडा, कारणं तेवढी ध्यानात घ्या.

शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि इतकं मऊ असतं, की नखाने ओरखडा उठावा. रायफलीच्या नळीत पिळदार खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात. मऊ गोळी जोरात रेटली, की ती खाचा धरून राहत नाही. मागचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे घुसतो, शिसं नळीला चिकटतं आणि नेम बिघडतो. म्हणून शिशात कथील आणि अँटिमनी मिसळायचं. गोळी नळीच्या मापाहून केसभर जाड ठेवायची, तिच्या अंगावरच्या खोबणीत मेण भरायचं. वेग जास्त हवा असेल तर बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवायची. पण कडकपणा अति झाला तरी पंचाईत. गोळी जनावराच्या अंगात पसरत नाही किंवा ठिसूळपणामुळे फुटते, आणि जखमी जनावर रानात तडफडत राहतं. सगळी खटपट ह्या दोहोंमधली जागा शोधण्याची. छापील कोष्टकातल्या सर्वांत कमी दारूपासून सुरुवात करायची, शंभर यार्डांवरच्या कागदावर गोळ्या किती जवळजवळ पडतात ते पाहायचं, मग पुढची पायरी. शिकाऱ्याचा इतका वेळ कागदासमोर जातो, हे मला ठाऊक नव्हतं!

कडक धातू आणायचा कुठून? त्यांनी कोपऱ्यातली बादली दाखवली. तिच्यात लायनोटाइप छपाईच्या पट्ट्या होत्या. साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. अँटिमनीमुळे हा धातू गोठताना फार आकसत नाही, साच्याचा कोपरान् कोपरा भरतो. अक्षराला जे लागतं तेच गोळीला. वर्तमानपत्रांनी ही यंत्रं मोडीत काढल्यावर पुष्कळसा धातू असा हौशी लोकांकडे गेला. एका पट्टीवर कुठल्याशा शाळेच्या सामन्याचा निकाल अजून वाचता येत होता, अर्थात उलटा.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शिशाचं हे रूप पालटणं जुनंच आहे. १७७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांनी राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडला आणि त्यातून ४२,०८८ गोळ्या ओतल्या, अशी नोंद आहे.

गोष्ट गोळी सुटल्यावर संपत नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया काँडोर हे गिधाडासारखे प्रचंड पक्षी जगात अवघे २२ उरले होते. पिंजऱ्यात वाढवलेले काँडोर १९९६ पासून उत्तर ॲरिझोनात सोडले गेले. शिकाऱ्याने टाकून दिलेली आतडी ते खातात आणि शिशाचे कण पोटात जातात. त्यांच्या मरणाचं मोठं कारण हेच. आपली गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गेली, तसंच हे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी केली. ॲरिझोनात बंदी न घालता शिकाऱ्यांना विनंती करण्याचा मार्ग धरला गेला.

शेजाऱ्यांनी ती ऐकली आहे. शिकारीला ते आता तांब्याची विकतची गोळी नेतात. घरी ओतलेल्या फक्त कागदावर झाडतात. निघताना मी एक पट्टी मागून घेतली. ती त्यांनी दिली आणि बेसिनकडे बोट दाखवून आधी हात धुवायला सांगितलं.