दव, दहिवर आणि धुवारी

आपल्या भाषेत पाऊस पडतो, गारा पडतात, थंडी पडते आणि दवही पडते. पाऊस व गारा वरून येतात हे खरे. परंतु दव मात्र कोठूनही पडत नाही. ते ज्या पानावर दिसते, त्या पानावरच तयार होते. एका क्रियापदाने झालेली ही गफलत वरवर किरकोळ वाटते. परंतु हरभरा आणि तूर थंडीपासून वाचवायची असेल, तर ती दूर केल्यावाचून गत्यंतर नाही.

जमीन दिवसा सूर्याची उष्णता घेते आणि आपली उष्णता अहोरात्र आकाशाकडे सोडीत असते. रात्री आवक थांबते, जावक मात्र चालूच राहते. आकाशात ढग असले तर ते यातील बराच भाग जमिनीकडे परत पाठवितात. म्हणून ढगाळ रात्र उबदार असते. उलट पौषात आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा स्तब्ध असला की गवत व पाने भराभर निवतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. हवा निवता निवता ज्या तापमानाला बाष्पाने तुडुंब होते, ते तिचे दवबिंदू तापमान. पान त्याखाली उतरले की बाष्पाचे पाणी होते, हे दव. दवबिंदूच शून्य अंशाखाली असेल आणि पान तितके थंड झाले, तर बाष्पाचा एकदम बर्फ होतो, हे दहिवर. आणि जमिनीलगतच्या हवेच्या थरातच सूक्ष्म जलकण होऊन तरंगत राहिले, तर ते धुके. आपल्या भागात त्यालाच धुवारी म्हणतात.

लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवाची ही उपपत्ती १८१४ साली मांडली. लोकरीचे वजन केलेले पुंजके रात्री ठेवून ते सकाळी पुन्हा तोलीत. आकाशाकडे उघड्या असलेल्या पुंजक्यावर दव जास्त जमे, फळीखालच्यावर कमी. आपला मुलूख कापसाचा असल्यामुळे मी हा प्रयोग कापसावर करून पाहिला. अंगणातला पुंजका सकाळी ओलाचिंब होता, बाजेखालचा जवळजवळ कोरडा. हवा दोघांनाही तीच होती. फरक होता तो फक्त आकाश दिसण्या-न दिसण्याचा.

महाबळेश्वरचे कोडेही यातून सुटते. वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा हवामान केंद्राचा पारा पुष्कळदा शून्याच्या वरच असतो. कारण केंद्रातला तापमापक झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच असतो. खालचे गवत त्याहून थंड असते. शिवाय थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून घरंगळत सखल जागी साचते. अलाहाबादेकडे तर याच तत्त्वावर बर्फ करीत असत. खड्ड्यात वाळलेल्या ताटांचा थर पसरून त्यावर मातीच्या उथळ भांड्यांत पाणी ठेवीत. रॉबर्ट बार्कर यांनी याचे वर्णन १७७५ साली प्रसिद्ध केले आहे.

आता आपल्या शेताकडे वळू. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरला ३.५ अंश तापमान नोंदले गेले. अशा वेळी 'पारा शून्यावर तर गेला नाही' म्हणून निर्धास्त राहणे बरे नव्हे. पिकाच्या शेंड्याचे तापमान निराळे असते. पानाच्या पेशींबाहेर बर्फ धरला की तो पेशींतील पाणी ओढून घेतो. पान काळे पडते आणि शेतकरी म्हणतो, "थंडीनं पीक जळालं." हा शब्द मात्र अगदी नेमका आहे.

उपाय म्हणून संध्याकाळी हलके पाणी देण्यास सांगतात. ओली जमीन कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठविते आणि ती रात्री वर पोहोचविते. परंतु वरवट बकालच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस पूर्णा. या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. जेथे विहिरीचे पाणीच खारट, तेथे हा सल्ला कागदावर राहतो. गोड पाणी असलेल्याच्या वाट्याला कृषिपंपाची वीज रात्रीची आली, तर त्याला कडाक्याच्या थंडीत बांधावर उभे राहावे लागते.

दुसरा उपाय धुराचा. येथेही समजूत तपासली पाहिजे. धुराचे कण इतके बारीक असतात, की जमिनीची उष्णता ते फारशी अडवू शकत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा आणि तिने हवा हलण्याचा. एक मोठा जाळ केला, तर ऊब सरळ वर निघून जाते. म्हणून लहान लहान अनेक शेकोट्या अधिक कामाच्या.

धुवारीचे मात्र उलटे आहे. ती ढगासारखीच उष्णता अडविते, त्यामुळे दाट धुवारीच्या रात्री दहिवराचे भय कमी. परंतु तिने तुरीचा फुलोरा गळतो, हा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. एका संकटाचे पांघरूण दुसरे संकट होते ते असे.

म्हणून सायंकाळी पाऱ्यापेक्षा वर पाहावे. चांदण्या लख्ख असतील, वारा पडलेला असेल आणि दिवसभर हवा कोरडी असेल, तर ती रात्र धोक्याची समजून ज्याला जे शक्य आहे ते त्याने अंधार पडण्यापूर्वीच करावे. सकाळी पान काळे पडल्यावर कोणताच उपाय उरत नाही.