हिपॅटायटिस ‘सी’ची लस अद्याप का नाही?

आमच्या डायलिसिस विभागातील रुग्णांचे नातेवाईक आणि थॅलेसेमियाग्रस्त मुलांचे पालक आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात : हिपॅटायटिस ‘बी’ची लस आहे, मग ‘सी’ची का नाही? ज्यांना नेहमी रक्त घ्यावे लागते, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. हा विषाणू आपले रूप सतत बदलतो, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण कमी परिचित आहे. माणसाऐवजी ज्यात विषाणू वाढवून पाहता येईल अशा पेशीला वा प्राण्याला शास्त्रज्ञ ‘मॉडेल’ म्हणतात, आणि या विषाणूस साजेसे मॉडेल सहजी मिळाले नाही.

रक्त घेतल्यानंतर होणारी कावीळ पुष्कळदा ‘ए’ वा ‘बी’ या विषाणूंमुळे नसते, हे १९७५ साली लक्षात आले. हार्वे ऑल्टर व अन्य संशोधकांनी १९७८ मध्ये अशा रुग्णांचे रक्तघटक चिंपांझींना टोचले, तेव्हा त्यांनाही यकृतदाह झाला. रोगकारक संसर्गजन्य आहे हे सिद्ध झाले. पण तो प्रयोगशाळेतील पेशींत वाढेना आणि उंदरासही बाधेना. पुढे बाधित चिंपांझीच्या रक्तद्रवातूनच मायकेल हाउटन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या विषाणूचा जनुकीय अंश वेगळा केला. विषाणू डोळ्यांनी न पाहता त्याची ओळख पटविण्याचा हा विलक्षण प्रकार होता. आज रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची जी ‘सी’साठी तपासणी होते, तिचा उगम या कार्यात आहे.

तथापि चिंपांझी हे सोयीचे मॉडेल नव्हते. त्यांची संख्या अल्प, खर्च अफाट, आणि माणसात दिसणारा यकृताचा गंभीर ऱ्हास त्यांच्यात क्वचितच आढळे. शिवाय माणसाच्या इतक्या निकटच्या प्राण्याला आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवावे काय, हा नैतिक प्रश्न होताच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये चिंपांझींवरील संशोधनास पाठबळ देणे थांबविले. हा निर्णय योग्यच होता असे आम्हांस वाटते. मात्र त्याची किंमत लस-संशोधनास मोजावी लागली, हेही नाकारता येत नाही.

औषधांची वाट त्यापूर्वीच खुली झाली होती, आणि ती काचेच्या बशीतून गेली. एका जपानी रुग्णाच्या यकृताच्या कर्करोगापासून मिळालेल्या ‘एचयूएच-७’ नावाच्या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढत राहतात. जर्मनीतील राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने १९९९ मध्ये या पेशींत विषाणूचा केवळ स्वतःची नक्कल करणारा भाग बसविला. त्यास ‘रेप्लिकॉन’ म्हणतात. त्यातून पूर्ण विषाणू तयार होत नाही, म्हणून तो हाताळण्यास सुरक्षित. पण एखादे द्रव्य नक्कल थांबविते की नाही, हे त्यावर त्वरित कळते. डॅक्लाटास्विरच्या वर्गातील औषधांचा शोध अशाच चाळणीतून लागला. २००५ मध्ये ताकाजी वाकिता यांना एका जपानी रुग्णाकडून मिळालेल्या विषाणूच्या साहाय्याने पूर्ण विषाणूही बशीत वाढविता आला. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घेऊनही अनेकांना गुण येत नसे. आता बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी विषाणूमुक्त होतात. शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक.

मग याच बशीत लस का पारखता येत नाही? कारण बशीतील पेशीला प्रतिकारशक्ती नसते. औषध थेट विषाणूवर चालते; लस मात्र शरीराच्या सैन्याला शिकविते, आणि ते सैन्य जिवंत प्राण्यातच असते. २००१ पासून उंदरांच्या यकृतात मानवी पेशी रुजविता येऊ लागल्या. पण परक्या पेशी तग धराव्यात म्हणून त्या उंदरांची प्रतिकारशक्ती आधीच काढून घ्यावी लागते. म्हणजे जे तपासायचे तेच नाहीसे! २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या उंदीर-घुशींत ‘सी’चा एक नातलग विषाणू सापडला. तो त्यांच्या यकृतात दीर्घकाळ टिकतो, म्हणून लसीच्या अभ्यासासाठी आता त्याचा आधार घेतला जात आहे. माणसांवर चाचणी झालेली एक लस शरीरात प्रतिसाद उत्पन्न करीत होती. तरी ती दीर्घकालीन संसर्ग रोखू शकत नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले.

तोवर नातेवाइकांनी ध्यानात ठेवण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. डायलिसिसच्या रुग्णांची ‘सी’साठीची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी, लक्षणे नसली तरीही. संसर्गाच्या आरंभीच्या काही आठवड्यांत प्रतिद्रव्यांची चाचणी निर्दोष येऊ शकते. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी महाग असली तरी ही उणीव पुष्कळ कमी करते. आणि संसर्ग आढळलाच तर घाबरून उपचार लांबवू नयेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत ही औषधे शासकीय उपचार केंद्रांत विनामूल्य मिळतात.