सुरत, तुर्क आणि तळटिपा

ऑक्टोबर १६७० मध्ये मराठी फौज दुसऱ्यांदा सुरतेत शिरली, तेव्हा इंग्रजांची वखार स्ट्रेन्शॅम मास्टरने लढवली, हे आपल्याला ठाऊक असते. नव्या सराईत उतरलेल्या तुर्की व्यापाऱ्यांनीही तेवढ्याच चिवटपणे आपला माल राखला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. शेजारच्या तार्तार सराईत मक्केहून परतलेला काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान होता. त्याची दौलत लुटीत गेली. तुर्क सुरतेत नवखे नव्हते. सुरतेचा किल्ला ज्याने बांधून घेतला तो खुदावंदखान ऊर्फ ख्वाजा सफर 'रूमी', म्हणजे ऑटोमन तुर्की मुलखातला, म्हणूनच ओळखला जाई, आणि १५५४ मध्ये वादळाने आणि पोर्तुगीजांनी मोडलेले आरमार घेऊन ऑटोमन दर्यासारंग सय्यिदी अली रईस गुजरातच्याच किनाऱ्याला लागला होता.

या शहरावर १९७९ साली दोन पुस्तके निघाली. एक आपल्या बाळकृष्ण गोविंद गोखल्यांचे, सतराव्या शतकातल्या सुरतेवरचे. गोखले तेव्हा अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठात शिकवत होते. पुढे त्यांनी अठराव्या शतकातल्या पुण्यावरही असाच ग्रंथ लिहिला. दुसरे अशीन दासगुप्तांचे, भारतीय व्यापारी आणि सुरतेचा ऱ्हास यावरचे, जर्मनीत छापलेले. शहर कसे होते हे सांगायला गोखले हाताशी घ्यावेत. पण भांडण पेटले ते दासगुप्तांवरून.

दासगुप्त डच वखारीचे कागद चाळत बसले. त्यात त्यांना माणसे भेटली. मुल्ला अब्दुल गफूर हा सुरतेचा सर्वांत बडा जहाजमालक १७१८ मध्ये वारला. त्याचा नातू मुल्ला मुहम्मद अली आणि तुर्की वंशाचा अहमद चलबी हे एकमेकांचे वैरी. १७३२ मध्ये शहराच्या अंमलदाराविरुद्ध व्यापारी उठले तेव्हा सत्ता तेगबेगखानाच्या हाती आली. पण त्याला वर चढवणारा मुल्ला पुढच्याच वर्षी त्याच्या कैदेत मेला, आणि १७३६ मध्ये चलबीचाही काटा काढला गेला. ज्याला गादीवर बसवावे त्यानेच गळा धरावा, हा प्रकार आपल्या पेशवाईच्या वाचकाला अपरिचित नाही.

एवढ्यावर थांबते तर पुस्तक रंजक ठरले असते, वादग्रस्त नाही. दासगुप्तांचा दावा मोठा होता: इंग्रजांनी सुरत मारली नाही. मोगल, सफवी आणि ऑटोमन या तीन साम्राज्यांचे दिवस एकदमच फिरले. मराठ्यांच्या चढायांनी आणि मोगली व्यवस्था मोडल्याने बंदराचा आतला मुलूख तुटला, तांबड्या समुद्राकडच्या बाजारपेठा डळमळल्या. म्हणून शतकाच्या आरंभी शंभरावर जहाजे बाळगणारी सुरत अर्ध्या शतकात खालावली.

तेव्हापासून सुरतेवर लिहिणाऱ्याला हे पुस्तक ओलांडून जाता येत नाही. मिकेलगुल्येल्मो तोर्री आणि लक्ष्मी सुब्रमण्यन यांच्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सुरतेवरून जी खडाजंगी झाली तिचीही पार्श्वभूमी हीच. २००९ मध्ये गुलाम नादरींनी १७५० नंतरच्या गुजरातचे चित्र बरेच उजळ रंगवले. असे वाद तळटिपांतून चालतात, आणि संशोधकाची किंमत किती वेळा संदर्भ दिला गेला यावर मोजणारे तक्ते आता विद्यापीठांत बढतीसाठी मागतात. मान डोलावणारी तळटीप आणि खोडून काढणारी तळटीप यांना त्यात एकच गुण मिळतो. दासगुप्तांच्या प्रभावाचा वजनदार भाग दुसऱ्या प्रकारच्या तळटिपांत आहे, असे माझे मत.

यातली खरी मेख तुर्कस्तानकडे आहे. दासगुप्तांनी ऑटोमन ऱ्हास गृहीत धरला, तो त्या वेळचा रूढ सिद्धान्त होता. पुढच्या दशकांत रिफात अबू-अल-हाज, लिंडा डार्लिंग, सुरैया फारोकी आदींच्या अभ्यासांनी तो खिळखिळा केला: सतराव्या-अठराव्या शतकात ते राज्य सडत नव्हते, कारभाराची घडी बदलत होते. सुरतेची गोष्ट सांगताना मात्र तीन बुडत्या साम्राज्यांचे जुने सूत्र आजही सहज वापरले जाते. संदर्भ नीट दिलेला असतो, पण त्याखालची वीट कधीच निघाली आहे. तुर्की इतिहासाची कपाटे एका मजल्यावर, गुजरातची दुसऱ्यावर, अशी ग्रंथालयाची रचना याला थोडीफार जबाबदार असेलही. नईमुर रहमान फारूकींनी १९८९ मध्ये मोगल-ऑटोमन संबंधांवर, तर ज्यांकार्लो कासाले यांनी २०१० मध्ये ऑटोमनांच्या हिंदी महासागरातील मोहिमांवर लिहिले. पण कासाले यांचा भर सोळाव्या शतकावर आहे. चलबीचा काळ त्यानंतर दीडशे वर्षांनी येतो.

अहमद चलबीच्या घराण्याचे पश्चिमेकडचे धागे उलगडायचे तर डच, फारसी आणि ऑटोमन तुर्की येणारा माणूस लागेल, इस्तंबूलच्या दफ्तरखान्यात बसायची तयारी असलेला. मोडी येत असेल तर उत्तमच. कारण चलबीच्या हयातीतच सोनगडाहून पिलाजी गायकवाड सुरतेभोवतीच्या महालांतून चौथ वसूल करत होते.