लहर पोचली, कंपनी बुडाली

मानपाडा नावाची दोन ठिकाणे आपल्याकडे आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीजवळ. दक्षिण मुंबईपासून दोन्ही सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर येतात. १९२७ साली येथे कोणी रेडिओ लावला असता, तर त्याला मुंबईचा आवाज ऐकू आला असता काय?

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे केंद्र निघाले. मुंबईच्या प्रक्षेपकाची शक्ती होती दीड किलोवॉट. बादलीतले पाणी तापवायचा विजेचा रॉडही एवढीच शक्ती घेतो! केंद्राची लहर सुमारे ३५७ मीटर लांबीची होती. प्रकाश एका सेकंदात ३० कोटी मीटर जातो. या संख्येला ३५७ ने भागा. दर सेकंदाला सुमारे ८ लाख ४० हजार कंपने, म्हणजे ८४० किलोहर्ट्‌झ, असे उत्तर येते. गाणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे या लहरीचा परमप्रसर, म्हणजे कंपनाची उंची, कमीजास्त होई. यालाच आपण ‘ए.एम.’ म्हणतो.

ही शक्ती चोहीकडे पसरते. ४० किलोमीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचे क्षेत्रफळ सुमारे १,००० कोटी चौरस मीटर भरते. वाटेतली घट सोडून दिली, तरी प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला एका वॉटचा सुमारे सत्तर लाखावा भाग येतो. अंतर दुप्पट झाले, की त्याचाही चौथाच हिस्सा उरतो. म्हणून केंद्राचा पल्ला सुमारे ४८ किलोमीटर धरला जाई. मानपाडा त्याच्या कडेला.

आता अडचण पाहा. स्वस्त स्फटिक संचाला बॅटरी लागत नाही. तो लहरीतल्याच शक्तीवर चालतो. साहजिकच तो केंद्राच्या जवळच नीट ऐकू येतो. दूरच्या माणसाला व्हाल्व्हचा महाग संच हवा. तो घेणारे थोडे.

कंपनीचे मुख्य उत्पन्न परवान्यांवर होते. वर्षाला १० रुपये शुल्क, त्यातले ८ रुपये कंपनीला. १९२९ अखेर परवाने होते ७,७७५. म्हणजे वर्षाला ६२,२०० रुपये, महिन्याला जेमतेम ५,२००. आयात संचांवरही काही वाटा मिळे. पण काटकसर करूनसुद्धा दरमहाचा खर्च २४,००० रुपयांखाली आला नाही. श्रोते वाढवायला मोठा प्रक्षेपक हवा, त्याला पैसा हवा, आणि पैशासाठी आधी श्रोते हवेत! या फेऱ्यात सापडून १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले.

यंत्रे मात्र निकामी झाली नव्हती. १ एप्रिल १९३० पासून सरकारने ती केंद्रे चालवायला घेतली, आणि ८ जून १९३६ रोजी त्या सेवेचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे नामकरण झाले.

केवळ परवान्यांवर खर्च भागवायचा, तर कंपनीला किती श्रोते लागले असते? वहीत गणित मांडा. उत्तर ३६,००० यायला हवे.