विश्लेषण : सर्व्हर चालू, पण स्क्रीन कोरी! नेटवर्कवर नजर ठेवणारा ‘सबएजंट’ सुरू कसा करतात?

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, पगाराच्या तारखेला अ‍ॅप अडते. ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर आपल्याला पाठ झाले आहे. मात्र अनेकदा बिघाडाची चाहूल सर्व्हरला आधीच लागलेली असते. ती अ‍ॅडमिनपर्यंत पोहोचतच नाही. हे काम करणारी यंत्रणा कोणती आणि ती कुठे चुकते, ते पाहू.

एसएनएमपी म्हणजे काय?

‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’. १९८८ पासून वापरात असलेली ही पद्धत आहे. सर्व्हर, राउटर, प्रिंटर अशा यंत्रांवर ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्राम चालतो. देखरेख करणारा संगणक त्याला यूडीपी पोर्ट १६१ वर प्रश्न विचारतो : डिस्क किती भरली? लिंक चालू आहे का? प्रत्येक माहितीला आकड्यांचा ठरावीक पत्ता असतो, त्याला ‘ओआयडी’ म्हणतात.

मग सबएजंट कशाला?

पोर्ट १६१ वर एका वेळी एकच एजंट बसू शकतो. पण सर्व्हरवर डेटाबेस, राउटिंग, वेब अशी अनेक सॉफ्टवेअर असतात आणि प्रत्येकाची माहिती वेगळी. त्यावर तोडगा म्हणून ‘एजंटएक्स’ हे मानक आले. त्याची सध्याची आवृत्ती जानेवारी २००० मधील आहे. यात मुख्य एजंट बाहेरच्या जगाशी बोलतो, तर सबएजंट ‘अमुक ओआयडी माझ्याकडे’ अशी त्याच्याकडे नोंद करतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन पाहुण्याला योग्य फ्लॅटकडे पाठवतो, तसेच हे.

सुरू कसा करतात?

लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ‘नेट-एसएनएमपी’ वापरतात. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘मास्टर एजंटएक्स’ ही ओळ घालून मुख्य एजंट रीस्टार्ट करायचा. त्यानंतर सबएजंट सुरू करायचा. उदाहरणार्थ, ‘एफआरआर’ या राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये एसएनएमपीचे मॉड्यूल लोड करून ‘एजंटएक्स’ ही आज्ञा द्यावी लागते. मग राउटिंगची माहिती देखरेखीच्या स्क्रीनवर दिसू लागते.

गाडी कुठे अडते?

मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिले, क्रम. मुख्य एजंट तयार नसताना सबएजंट सुरू झाला, तर जोडणी होत नाही. काही सबएजंट पुन्हा प्रयत्न करतात, काही गप्प बसतात.

दुसरे, परवानगी. दोघे एका सॉकेट फाइलमधून बोलतात. सबएजंट ‘रूट’ऐवजी साध्या युजरच्या नावाने चालत असेल आणि त्याला ती फाइल उघडण्याची मुभा नसेल, तर दार बंदच.

तिसरे, ‘व्ह्यू’. उबुंटू, डेबियनवर मूळ सेटिंग केवळ सिस्टीमची जुजबी माहिती दाखवते. सबएजंट व्यवस्थित जोडला गेला, तरी त्याचा ओआयडी व्ह्यूमध्ये नसेल तर स्क्रीन कोरीच राहते.

सुरक्षेचे काय?

जुन्या आवृत्त्यांत ‘कम्युनिटी स्ट्रिंग’ हाच पासवर्ड असतो आणि तो नेटवर्कवरून उघडा जातो. कित्येक ठिकाणी तो अजूनही ‘पब्लिक’ हाच असतो. असा सर्व्हर इंटरनेटवर उघडा राहिला, तर त्याची माहिती कोणीही वाचू शकतो. शिवाय खोट्या पत्त्यावरून छोटा प्रश्न पाठवून मोठे उत्तर तिसऱ्याच्याच माथी मारण्याचे हल्लेही याच मार्गाने होतात. म्हणून एन्क्रिप्शनची सोय असलेली तिसरी आवृत्ती वापरावी आणि पोर्ट १६१ फक्त देखरेखीच्या संगणकासाठीच खुला ठेवावा.

काम झाले, हे कसे ओळखायचे?

‘एसएनएमपीवॉक’ ही आज्ञा देखरेखीच्या संगणकावरून चालवायची. सर्व्हरवरच चालवली तर फायरवॉलची अडचण कळत नाही. त्यानंतर सबएजंट मुद्दाम बंद करून पाहायचा. इशारा आला, तर यंत्रणा जागी आहे. नाही आला, तर कोऱ्या स्क्रीनला ‘सगळे ठीक’ समजण्याची चूक होणार आणि बिघाडाची पहिली बातमी ग्राहकाच्या फोनवरूनच कळणार.